कोडॉन वापर आणि विषाणू-प्रथिनांची घडी

एकाच अमिनो आम्लासाठी जनुकीय संकेतात बहुधा एकाहून अधिक कोडॉन उपलब्ध असतात. अशा समानार्थी कोडॉनांपैकी एखादा सजीव किंवा विषाणू कोणता कोडॉन किती प्रमाणात योजतो, त्याला कोडॉन वापर असे म्हणतात. कोडॉन बदलूनही अमिनो आम्ल तेच राहिले, तर प्रथिनावर काहीही परिणाम होत नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, कोडॉनांच्या निवडीचा प्रथिन तयार होण्याच्या वेगावर परिणाम होतो आणि त्या वेगावर प्रथिनाची घडी, म्हणजेच त्याचा त्रिमितीय आकार, काही वेळा अवलंबून असतो. विषाणूंच्या बाबतीत या संबंधाचा सर्वाधिक बारकाईने अभ्यास दूषित पाण्यातून काविळीचा प्रसार करणाऱ्या हिपॅटायटिस ए या विषाणूवर झाला आहे. लसनिर्मितीतही हे ज्ञान उपयोगात आणले गेले असून त्यात पुण्यातील संस्थांचा सहभाग आहे.

समानार्थी कोडॉन

आरएनएचा संकेत ए, यू, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. तीन अक्षरांचा गट म्हणजे एक कोडॉन. त्यामुळे एकूण ६४ कोडॉन संभवतात. त्यांपैकी ३ कोडॉन प्रथिनाची साखळी संपल्याची खूण करतात आणि उरलेले ६१ कोडॉन २० अमिनो आम्लांसाठी वापरले जातात. ही वाटणी समान नाही. ल्युसीन, सेरीन व आर्जिनीन यांना प्रत्येकी ६ कोडॉन आहेत, तर मेथिओनीन व ट्रिप्टोफॅन यांना प्रत्येकी एकच.

या संकेताचे पहिले अक्षर १९६१ मध्ये उलगडले. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी यूयूयू हा कोडॉन फेनिलअलॅनीन या अमिनो आम्लाचा असल्याचे दाखवले. हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए रेणू प्रयोगशाळेत घडवून इतर अनेक कोडॉनांचे अर्थ निश्चित केले. खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

समानार्थी कोडॉनांची तुलना भाषेतील समानार्थी शब्दांशी करता येते. मराठीत पाणी, जल, नीर आणि उदक या शब्दांचा अर्थ एकच आहे. परंतु रोजच्या बोलण्यात ‘पाणी’ सहज येतो, तर ‘उदक’ हा शब्द विधी, स्तोत्र किंवा जुने काव्य यांपुरता उरला आहे. सजीवांच्याही अशा सवयी असतात. मानवी जनुकांत ल्युसीनसाठी सीयूजी हा कोडॉन विपुल आढळतो, तर सीयूए क्वचित. क्वचित वापरला जाणारा कोडॉन ‘दुर्मिळ कोडॉन’ म्हणून ओळखला जातो. कोणता कोडॉन दुर्मिळ, हे प्रत्येक सजीवात वेगळे असते. जीवाणूला दुर्मिळ असलेला कोडॉन मनुष्यपेशीला नित्याचा असू शकतो.

भाषांतरणाचा वेग आणि घडी

पेशीतील रायबोसोम संदेशवाहक आरएनएवरील कोडॉन ओळीने वाचत जातो. प्रत्येक कोडॉनाशी जुळणारा वाहक आरएनए आपल्यासोबत योग्य ते अमिनो आम्ल आणतो आणि साखळी एका दुव्याने वाढते. या क्रियेला भाषांतरण म्हणतात. जीवाणूंमध्ये दर सेकंदाला साधारण १५ ते २० आणि मानवी पेशींत साधारण ५ ते ६ अमिनो आम्ले जोडली जातात. परंतु ही सरासरी झाली. ज्या कोडॉनाचे वाहक आरएनए पेशीत मुबलक आहेत, तेथे रायबोसोम झपाट्याने पुढे सरकतो. ज्याचे वाहक आरएनए थोडे आहेत, तेथे त्याला वाट पाहावी लागते.

रायबोसोममधील एका अरुंद बोगद्यातून ही साखळी बाहेर पडते. या बोगद्यात सुमारे ३० ते ४० अमिनो आम्ले मावतात. पुढचे टोक बाहेर आले, की मागचा भाग अजून तयार होत असतानाच त्याची घडी पडू लागते. म्हणूनच वेगाला महत्त्व येते. एका भागाची घडी पूर्ण होण्याआधीच पुढचा भाग त्याच्याजवळ येऊन पोहोचला, तर नको ते भाग एकमेकांना चिकटण्याचा धोका असतो. दोन भागांच्या सीमेवर दुर्मिळ कोडॉनांची छोटी रांग असेल, तर रायबोसोम तेथे रेंगाळतो आणि आधीच्या भागाला आपली घडी बसवायला अवधी मिळतो.

सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागाचे उदाहरण येथे फरक दाखवण्यापुरते उपयोगी आहे. या मागावर छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची माळ नक्षी ठरवते. माग सावकाश चालवला किंवा जलद, धागा तुटला नाही तर फूल तेच उमटते. प्रथिनाचे तसे नाही. पत्ते तेच असूनही केवळ गती बदलल्याने कापडाची वीण वेगळी यावी, अशी काहीशी ही अवस्था आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ क्रिस्टियन अॅन्फिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज या प्रथिनाची घडी उलगडून ती पुन्हा आपोआप बसते, हे सिद्ध केले होते. अमिनो आम्लांचा क्रमच घडी ठरवतो, या सिद्धांताला त्यामुळे बळ मिळाले आणि त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सिद्धांत खोटा ठरलेला नाही. मात्र मोठ्या व अनेक भागांच्या प्रथिनांसाठी तो अपुरा असल्याचे पुढे आढळले. २००७ मध्ये चावा किमची-सरफाती आणि सहकाऱ्यांनी मानवाच्या एमडीआर१ या जनुकातील एका समानार्थी बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयसोल्युसीनचा कोडॉन बदलून आयसोल्युसीनचाच दुसरा कोडॉन आला होता, तरीही तयार झालेल्या प्रथिनाचे औषधांशी असलेले वर्तन बदलले. २०१३ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीवरील प्रयोगात जैविक घड्याळाच्या एफआरक्यू या प्रथिनाचे कोडॉन ‘सुधारण्यात’ आले. प्रथिन अधिक प्रमाणात तयार झाले, पण त्याची रचना सैल पडली आणि बुरशीचे दैनिक घड्याळ चालेनासे झाले. अशा बदलांना पूर्वीपासून ‘मूक उत्परिवर्तने’ म्हटले जाते. ती संज्ञा आजही पाठ्यपुस्तकांत आहे. मात्र ती शब्दशः घेण्याजोगी राहिलेली नाही.

हिपॅटायटिस ए विषाणू

हिपॅटायटिस ए हा पिकोर्नाव्हायरस कुळातील विषाणू आहे. स्टीफन फाइनस्टोन, अल्बर्ट कापिकियन आणि रॉबर्ट पर्सेल यांनी १९७३ मध्ये तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. त्याच्या जनुकसंचात सुमारे ७,५०० अक्षरे असतात. त्यांपासून सुमारे २,२०० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी तयार होते आणि नंतर तिचे तुकडे होऊन वेगवेगळी प्रथिने सुटी होतात. त्यांपैकी तीन मुख्य प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रती एकत्र येऊन विषाणूचे कवच बनते.

हे कवच विलक्षण चिवट आहे. विषाणू यकृतात वाढतो, पित्तरसासोबत आतड्यात उतरतो, विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि पाण्यात किंवा अन्नात मिसळून पुढच्या माणसाच्या तोंडात जातो. या प्रवासात त्याला जठरातील आम्ल, पित्तक्षार आणि उघड्यावरील उष्णता सोसावी लागते. ६० अंश सेल्सियस तापमानात तासभर ठेवूनही तो पूर्णपणे निष्प्रभ होत नाही; अन्न ८५ अंशांवर किमान एक मिनिट तापवावे लागते. पावसाळ्यात पाणी नुसते कोमट न करता खळखळ उकळण्याचा सल्ला आरोग्य विभाग देतो, त्यामागे अशा विषाणूंचे कवच हे एक कारण आहे. आषाढी वारीसाठी लाखो माणसे ज्या जिल्ह्यात एकत्र येतात, त्या सोलापूर जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण हा केवळ कागदावरचा विषय नाही.

कोडॉन वापराच्या दृष्टीने या विषाणूचे वर्तन प्रथमदर्शनी अनाकलनीय आहे. त्याच कुळातील पोलिओचा विषाणू पेशीत शिरताच पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती बंद पाडतो. त्यासाठी तो भाषांतरणाला आवश्यक असलेले एक पेशी-प्रथिन तोडून टाकतो. त्यानंतर सर्व रायबोसोम आणि वाहक आरएनए त्याच्या दिमतीला येतात. हिपॅटायटिस ए विषाणूला हे जमत नाही. उलट ते प्रथिन त्याला स्वतःलाच अखंड हवे असते. त्यामुळे पेशीच्या चालू कारभारातच त्याला आपले काम उरकावे लागते. अशा स्थितीत त्याने यजमान पेशीला सोयीचे कोडॉन वापरावेत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो पेशीत विपुल असणारे कोडॉन टाळतो आणि दुर्मिळ कोडॉन मोठ्या प्रमाणात योजतो. परिणामी त्याचे भाषांतरण संथ होते. प्रयोगशाळेतील पेशींतही तो सावकाश वाढतो; पेशीसंवर्धनात तो प्रथम वाढवता आला, तो १९७९ मध्ये.

बार्सिलोना विद्यापीठातील रोझा पिंतो आणि अल्बर्ट बॉश यांच्या गटाने या कोड्याची दोन संभाव्य उत्तरे मांडली. पहिले असे की, पेशीशी वाहक आरएनएसाठी स्पर्धा करावी लागू नये म्हणून विषाणू पेशीने न वापरलेले कोडॉन निवडतो. दुसरे असे की, कवचाच्या प्रथिनांची घडी नीट बसण्यासाठी जलद आणि संथ टप्प्यांची एक ठरावीक लय आवश्यक असते आणि दुर्मिळ कोडॉन ती लय राखतात.

दोन्हींपैकी योग्य उत्तर कोणते, हे तपासण्यासाठी या गटाने अॅक्टिनोमायसीन डी हे औषध वापरले. हे औषध पेशीच्या डीएनएवरून आरएनए तयार होणे रोखते, त्यामुळे पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती मंदावते. विषाणूचे आरएनए डीएनएवर अवलंबून नसल्याने ते मात्र तयार होत राहते. म्हणजे विषाणूला वाहक आरएनए अचानक मुबलक मिळू लागतात. केवळ स्पर्धा टाळणे हाच हेतू असता, तर विषाणूची अशा पेशींत भरभराट व्हायला हवी होती आणि पिढ्यान्पिढ्या त्याने दुर्मिळ कोडॉन सोडून द्यायला हवे होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याच्या उलट होते. मुबलकतेत विषाणूची क्षमता आधी घटली. पुढे अनेक वेळा संवर्धन केल्यावर ती परत आली; मात्र तेव्हा कवचाच्या भागात त्या नव्या परिस्थितीला अनुसरून पुन्हा दुर्मिळ कोडॉनांची निवड झालेली आढळली. गेलेला संथपणा विषाणूने नव्याने मिळवला होता. वेग त्याला मिळत होता, पण तो त्याला परवडणारा नव्हता, असा याचा अर्थ लावला जातो. विषाणूविषयीच्या प्रयोगांत इतका नेमका प्रश्न विचारणारा प्रयोग विरळाच.

याचा एक दूरचा परिणाम लसीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मानवी हिपॅटायटिस ए विषाणूचा एकच सीरोटाइप आहे. म्हणजे जगातील कोणत्याही भागातील विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे इतर भागांतील विषाणूंवरही चालतात. आरएनए विषाणूंमध्ये नक्कल करताना चुका सतत होत असतात, हे लक्षात घेता ही स्थिरता आश्चर्यकारक आहे. बार्सिलोनाच्या गटाने दुर्मिळ कोडॉनांशी तिचा संबंध जोडला. कवचाच्या पृष्ठभागावरील काही जागा दुर्मिळ कोडॉनांनी लिहिलेल्या आहेत आणि तेथे बदल झाल्यास लय बिघडते, म्हणून असे बदल टिकत नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी विषाणूवर एकक्लोनी प्रतिपिंडांचा दबाव आणला, तेव्हाही या जागांवर बदल रुजले नाहीत. प्रतिकारशक्तीला चुकवण्याची गरज असूनही विषाणू आपल्याच कोडॉनांत अडकलेला राहतो.

महाराष्ट्रात या स्थिरतेचे मोल वाढत चालले आहे. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची स्थापना १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून झाली. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते १९९८ या काळातील रक्तनमुन्यांवरून शहरी व ग्रामीण भागांतील हिपॅटायटिस ए आणि ई यांच्या बदलत्या प्रसाराचा अभ्यास केला. पूर्वी बहुतेक मुलांना बालपणीच हिपॅटायटिस एचा संसर्ग होऊन जात असे. राहणीमान सुधारलेल्या शहरी कुटुंबांत हे प्रमाण घटल्याचे दिसले. वरवर ही चांगली बातमी आहे. परंतु लहान मुलांत हा आजार बहुधा सौम्य असतो किंवा लक्षातही येत नाही, तर मोठ्या वयात तो तीव्र होतो. बालपणी संसर्ग टळलेली पिढी मोठेपणी दूषित पाण्याला सामोरी गेली, तर धोका अधिक. पुण्याच्या केईएम रुग्णालयात २००४ मध्ये मुलांना क्षीणीकृत जिवंत लसीची एकच मात्रा देऊन त्यांचा १५ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. या लसीतील विषाणू मुळात चीनमध्ये विलग केलेला आहे. तो महाराष्ट्रातील विषाणूविरुद्ध संरक्षण देऊ शकतो, याचे कारण वर सांगितलेला एकच सीरोटाइप हे होय.

परक्या पेशीत विषाणूची प्रथिने

लस किंवा निदानसंच तयार करताना विषाणूचे एखादे प्रथिन यीस्ट, जीवाणू किंवा मनुष्यपेशीत बनवून घ्यावे लागते. तेथे अडचण उलट दिशेने येते. १९९६ मध्ये ब्रायन सीड यांच्या गटाने एचआयव्हीच्या आवरणातील प्रथिनाचे कोडॉन मानवी सवयीप्रमाणे बदलले, तेव्हा मानवी पेशींत त्याचे उत्पादन पुष्कळ वाढले. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयान फ्रेझर यांच्या गटाने पॅपिलोमा विषाणूच्या कवच-प्रथिनांबाबत कोडॉन आणि पेशीतील वाहक आरएनए यांचा मेळ महत्त्वाचा असल्याचे दाखवले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसींत याच विषाणूचे एल१ हे प्रथिन असते. त्याच्या ३६० प्रती आपोआप जुळून पोकळ कवच तयार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस या प्रकारची असून तिला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. एल१ची घडी चुकली, तर कवच जुळत नाही आणि प्रतिकारशक्तीला खऱ्या विषाणूचे रूप दिसत नाही.

सर्वच कोडॉन जलद करून टाकणे, हा आरंभीचा सोपा मार्ग होता. त्याने प्रथिनाचे प्रमाण वाढते, पण घडी बिघडू शकते. म्हणून काही संशोधक कोडॉनांचे ‘सुसंवादीकरण’ पसंत करतात. या पद्धतीत मूळ सजीवात जेथे संथ कोडॉन होता, तेथे नव्या सजीवालाही संथ वाटेल असाच कोडॉन ठेवला जातो.

संदेशवाहक आरएनए लसींत कारखाना म्हणजे लस घेणाऱ्याची स्वतःचीच पेशी. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने तयार केलेल्या ‘जेमकोव्हॅक-१९’ या कोव्हिड लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ही भारतात विकसित झालेली या प्रकारची पहिली लस होय. अशा लसींत कोरोना विषाणूच्या टोकेरी प्रथिनाचा संकेत मनुष्यपेशीला पेलेल अशा कोडॉनांत लिहावा लागतो. सुमारे १,२७० अमिनो आम्लांचे हे प्रथिन योग्य घडीत बाहेर येणे आवश्यक असते, अन्यथा प्रतिपिंडे भलत्याच आकाराविरुद्ध तयार होतील.

मुद्दाम गैरसोयीचे केलेले कोडॉन

विषाणूचे एकही अमिनो आम्ल न बदलता त्याला दुबळे करण्याची कल्पना पोलिओ विषाणूवर प्रथम साकारली. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठात एकार्ड विमर यांच्या गटाने २००८ मध्ये कवचाच्या भागातील कोडॉनांच्या जोड्या अशा बदलल्या, की मानवी जनुकांत क्वचित आढळणाऱ्या जोड्या एकापुढे एक आल्या. विषाणू दिसायला तोच राहिला, पण क्षीण झाला. शेकडो बदल एकाच वेळी उलटून विषाणू मूळपदावर येण्याची शक्यता अत्यल्प असते, हा या पद्धतीचा मोठा लाभ.

या कामातून कोडाजेनिक्स ही कंपनी उभी राहिली. तिने सीरम इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने ‘कोव्ही-व्हॅक’ ही नाकातून द्यायची कोव्हिड लस विकसित केली. तिच्यात २८३ मूक बदल करण्यात आले, शिवाय टोकेरी प्रथिनातील फ्युरिन छेदस्थानही काढून टाकण्यात आले. मानवी चाचणीचा पहिला टप्पा जानेवारी २०२१ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने विलग केलेल्या विषाणूपासून बनवलेली कोव्हॅक्सिन ही लस वेगळ्या जातीची आहे. तिच्यात विषाणू रसायनाने मारलेला असतो, कोडॉन बदललेले नसतात.

येथे एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. या लसींत विषाणू दुबळा होतो, तो मुख्यतः प्रथिने कमी तयार झाल्यामुळे. तयार झालेल्या प्रथिनांची घडी मूळ विषाणूसारखीच राहावी, हीच अपेक्षा असते. म्हणून अशा लसींना घडी बिघडल्याचा पुरावा मानता येत नाही.

मतभेद आणि मर्यादा

कोडॉन बदलले, की त्याबरोबर आणखीही काही गोष्टी बदलतात. आरएनएची स्वतःची वेटोळी बदलतात. शेजारशेजारच्या अक्षरांच्या जोड्याही बदलतात. सी आणि जी ही अक्षरे लागोपाठ अधिक वेळा आली, तर मानवी पेशीतील झॅप हे प्रथिन तो आरएनए परका म्हणून ओळखते, हे २०१७ मध्ये दाखवण्यात आले. त्याआधी २०१४ मध्ये पीटर सिमंड्स आणि सहकाऱ्यांनी असे मांडले होते की, कोडॉन-जोड्यांच्या नावावर जमा केलेला परिणाम वस्तुतः अक्षरांच्या जोड्यांचा आहे. विमर यांच्या पद्धतीमागील कारणमीमांसेवर त्यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहिले. पद्धत उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही.

हिपॅटायटिस एच्या बाबतीतही पुरावा बराचसा अप्रत्यक्ष आहे. रायबोसोमच्या तोंडाशी कवच-प्रथिनाची घडी पडताना कोणी पाहिलेली नाही. शिवाय पेशीतील शॅपरोन ही साहाय्यक प्रथिने चुकत असलेली घडी सावरून घेतात, त्यामुळे वेगाचा परिणाम झाकला जाऊ शकतो. रायबोसोम कोणत्या कोडॉनावर किती रेंगाळतो, याचे संपूर्ण जनुकसंचावरील मोजमाप २००९ मध्ये निकोलस इंगोलिया आणि जोनाथन वाइसमन यांनी विकसित केलेल्या रायबोसोम-आलेखन तंत्राने शक्य झाले. घडीचा अंदाज मात्र अजूनही तयार कवचावरूनच बांधला जातो. ते किती तापमानाला फुटते, आम्लात आणि पित्तक्षारांत किती टिकते आणि ठरावीक आकार ओळखणारी प्रतिपिंडे त्याला चिकटतात की नाही, या त्यासाठीच्या नेहमीच्या कसोट्या आहेत.